पाच लाखांत पळणारी गाडी

वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

या वेळच्या टपालात एकाच जातीच्या गाड्यांची गर्दी आहे. दिसायला घरगुती हॅचबॅक, बॉनेटखाली टर्बो, आणि जुन्या बाजारात आता नव्या वॅगनआरपेक्षा स्वस्त: पोलो जीटी, पुंटो अबार्थ, बलेनो आरएस, फिगो डिझेल. माझं काम विमा सर्व्हेअरचं. गाड्या मला बहुधा ठोकलेल्या अवस्थेतच भेटतात, तेव्हा उत्तरांत थोडा कडूपणा असेल तर तो धंद्याचा समजावा.

प्रश्न : ताई, मी २६ वर्षांचा, चिंचोळी एमआयडीसीत नोकरीला. बजेट सगळं मिळून साडेपाच लाख. पुण्यात २०१५ ची पोलो जीटी टीएसआय बघितली. एमएच १२ पासिंग, सेकंड ओनर, मीटरवर ८२ हजार. पार्टी पाच लाख सांगतेय. चालवून बघितली आणि वेड लागलं. महिन्यातून दोनदा पुण्याला जाणं असतं. बाबा म्हणतात, नवीन छोटी गाडी घे आणि गप बस. काय करू?
— जुळे सोलापूर

उत्तर : ही घेऊ नका. पोलो वाईट आहे असं नाही, तुमच्या बजेटमध्ये ती बसत नाही एवढंच.

जीटी टीएसआय आपल्याकडे २०१३ मध्ये आली. १.२ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, १०५ पीएस ताकद, १७५ न्यूटन मीटर ओढ आणि सात गिअरचा डीएसजी, म्हणजे स्वतःच गिअर बदलणारा गिअरबॉक्स. तुम्हाला जे वेड लागलंय ते निम्मं इंजिनाचं आणि निम्मं त्या डीएसजीचं. पाय दाबला की झटका न देता गिअर पडत जातात आणि डावा पाय रिकामा. पण या गिअरबॉक्सला दोन क्लच असतात आणि दोन्ही कोरडे, तेलात बुडालेले नाहीत. मोकळ्या हायवेवर त्यांना काही होत नाही. सात रस्त्याला संध्याकाळी, किंवा गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत पार्क चौकात गाडी पावला-पावलाने सरकते, तेव्हा क्लच सतत अर्धे लागलेले राहतात आणि तापतात. वर आपला एप्रिल-मे, पारा ४२-४३ वर. क्लच संपले तर एक खर्च. गिअर टाकायचं काम करणारं मेकॅट्रॉनिक युनिट गेलं तर तो आकडा लाखाच्या पुढे जायला वेळ लागत नाही. आणि ते युनिट आपल्याकडच्या कोपऱ्यावरच्या गॅरेजात उघडत नाहीत, गाडी पुण्याला न्यावी लागते. तीही टोचनवर.

आता हिशेब मांडा. पाच सांगतोय म्हणजे पावणेपाचला देईल. ट्रान्स्फर, विमा, चार टायर, सगळी तेलं, ब्रेक पॅड, कूलंटचे पाइप, बॅटरी हे झालं की साडेपाच संपले. पहिल्याच उन्हाळ्यात गिअरबॉक्सने मान टाकली तर तुम्ही ती गाडी दुरुस्त करणार नाही, विकाल. आणि ज्याला विकाल त्याला सांगाल, ‘एक रुपयाचं काम नाही.’ कदाचित आत्ताचा पुणेकर तेच करत असेल. ज्याच्याकडे साडेपाच आहेत त्याने पावणेचार-चारची गाडी बघावी. उरलेले पैसे गाडीचेच असतात, फक्त ते तिला अजून दिलेले नसतात.

मग कोणती? तुमचं रनिंग बघता मी फिगोचं १.५ डिझेल सांगेन, २०१५ नंतर आलेल्या मॉडेलचं. १०० पीएस, २१५ न्यूटन मीटर, पाच गिअर आणि साधा मॅन्युअल क्लच. सोलापूर-पुणे अंतर अडीचशे किलोमीटर, म्हणजे तुमच्या दोन फेऱ्यांतच महिन्याला हजार झाले, रोजचं चिंचोळी वेगळं. मी स्वतः हीच वापरते, त्यामुळे पक्षपात गृहीत धरा. तिसऱ्या गिअरमध्ये ट्रक ओलांडताना ती जे करते ते तिच्या अंगावर कुठेच लिहिलेलं नाही, आणि मला ते फार आवडतं. फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये इथलं उत्पादन बंद करत असल्याचं जाहीर केलं, त्यामुळे लोक घाबरतात आणि भाव पडतो. तो पडलेला भाव तुमच्या कामाचा. सर्व्हिस आणि पार्ट चालू आहेत. फक्त टायमिंग बेल्ट बदलल्याचं बिल मागा. बिल नसेल तर बदललेला नाही असंच धरायचं आणि तेवढे पैसे किमतीतून कापायचे. बेल्ट तुटला तर पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांना भिडतात, मग इंजिन खोलावंच लागतं.

पेट्रोलच हवं असेल तर बलेनो आरएस. मार्च २०१७ ला आली, २०२० मध्ये धुराचे बीएस ६ नियम आले त्या वेळी बंद झाली. एक लिटर, तीन सिलिंडर, १०२ पीएस, मागेही डिस्क ब्रेक. तेव्हा हे इंजिन मारुतीच्या दुसऱ्या कुठल्या गाडीत इथे नव्हतं म्हणून लोक बिचकायचे. आता त्याच घराण्यातलं बूस्टरजेट इंजिन मारुतीच्याच फ्रॉन्क्समध्ये येतं. पोलोसारखा दार लावल्यावर येणारा जड आवाज तिच्यात नाही. पत्रा हलका आहे आणि तो हलका लागतो. पण अर्ध्या रात्री टेंभुर्णीला अडलात तर सकाळी मारुतीचा माणूस सापडतो.

पोलोच हवी असा हट्ट असेल तर पैसे जमवा आणि २०२० नंतरची १.० टीएसआय मॅन्युअल शोधा. सहा गिअर, ११० पीएस, आणि गिअरबॉक्सची ही डोकेदुखी नाही. पोलो २०२२ मध्ये इथे बंद झाली, त्यामुळे चांगल्या मालकाची गाडी स्वस्तात सुटत नाही, तेवढी तयारी ठेवा.

आणि एक गोष्ट तुम्ही विचारली नाही. पुण्याच्या रस्त्यावर तुमची गाठ पिकअपशी नाही, ब्रेकशी आहे. गाळप सुरू झालं की मोहोळपासून इंदापूरपर्यंत ऊस भरलेले ट्रॅक्टर, मागे दोन-दोन ट्रॉल्या, लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर चिखलाने भरलेला. रात्री समोरून गाडी येत असली की तो ऊस दिसतच नाही. माझ्याकडे हिवाळ्यात येणारे बरेचसे क्लेम या एका गोष्टीचे असतात, आणि त्यात टर्बोवाले मागे नाहीत. म्हणून कुठलीही गाडी घ्या, पहिला खर्च टायरचा. टायरच्या कडेला चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही खोल दिसो, सहा वर्षांच्या पुढचा टायर मी काढायला लावते. आपल्या उन्हात रबर आतून वाळतं.

बाबांना मात्र एकदा मागच्या सीटवर बसवून मोहोळपर्यंत नेऊन आणा. पोलोचा प्रश्न तिथेच निकालात निघेल, त्यांचे गुडघेच बोलतील.

प्रश्न : मॅडम, तुम्ही सर्व्हेअर आहात म्हणून विचारतो. गाडी ठोकलेली आहे का, हे सामान्य माणसाने कसं ओळखायचं? एजंट तर प्रत्येक गाडीला ‘नॉन ॲक्सिडेंट’ म्हणतो.
— अशोक चौक

उत्तर : एजंट खोटं बोलतोच असं नाही, त्यालाही कुणीतरी तेच सांगितलेलं असतं. पेंटची जाडी मोजायचं यंत्र वगैरे लागत नाही. दुपारच्या उजेडात जा, गाडी धुतलेली नको म्हणा, आणि पुढचं दार उघडा.

दाराच्या चौकटीला रबराचं बीडिंग असतं. ते खालच्या कोपऱ्यातून हाताने ओढा, सहज निघतं. आत पत्र्याच्या कडेवर कारखान्यातल्या स्पॉट वेल्डिंगचे गोल खड्डे दिसतील, करंगळीच्या नखाएवढे, सारख्या अंतरावर, एका ओळीत. बोट फिरवत वरपासून खालपर्यंत या. मध्येच खड्डे गायब झाले, पत्रा गुळगुळीत लागला किंवा ओबडधोबड वेल्डिंग हाताला लागलं, तर तो पिलर, म्हणजे दाराशेजारचा खांब, कापून बदललाय. चारही दारांना हे करा. मालक कुरकुरेल, करू द्या. मग बॉनेटच्या बिजागऱ्यांचे बोल्ट बघा. कंपनीतून आलेल्या बोल्टवर रंग अखंड असतो, पाना लागला की कोपऱ्यावरचा उडतो. बॉनेट बदलणं हा गुन्हा नाही. पण बिजागरीला पाना लागलाय, रेडिएटरचा सपोर्ट नवा आहे आणि एका बाजूचा हेडलाइट दुसऱ्यापेक्षा चकचकीत आहे, हे तिन्ही एकत्र सापडलं तर समोरून जोरात बसलेली आहे.

काचा बघा. प्रत्येक काचेच्या कोपऱ्यात कंपनीचं चिन्ह आणि वर्षाची खूण असते. पुढची एकटी वेगळी असेल तर बहुधा खडा लागलेला. एकाच बाजूच्या दोन काचा वेगळ्या असतील तर त्या बाजूने काहीतरी आत आलं होतं.

सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा, अगदी शेवटपर्यंत. तिथे तयार झाल्याची तारीख असलेली पट्टी असते, ती गाडीच्या वर्षाशी जुळायला हवी. बेल्टच्या शेवटच्या टोकाला मातकट रेघ दिसली तर गाडी पाण्यात उभी होती. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगलीला पूर आला, त्यातल्या गाड्या पुढे कुठे कुठे विकल्या गेल्या. सप्टेंबर २०२५ मध्ये तर सीना नदीने आपल्याच जिल्ह्याला बुडवलं. सीटखालच्या पट्ट्यांना गंज, स्टेपनीच्या खड्ड्यात गाळ, आणि आत घमघमणारा नवा परफ्यूम असं दिसलं तर हात जोडून निघा.

आता आमच्या धंद्यातली युक्ती. चालू विमा पॉलिसी मागा आणि नो क्लेम बोनसचा आकडा बघा. क्लेम न करता वर्षं गेली की तो २०, २५, ३५, ४५ असा वाढत ५० टक्क्यांवर थांबतो. पहिल्याच मालकाकडे सात वर्षं असलेली गाडी आणि बोनस शून्य किंवा २०, म्हणजे अलीकडे क्लेम झालाय. कशाचा, ते विचारा. बोनस मालकाचा असतो, गाडीचा नाही. दुसऱ्या मालकाचं खातं त्याने घेतल्या दिवसापासून सुरू होतं, तेवढं लक्षात घेऊन वाचा. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विमा किमतीच्या पाऊण पटीपुढे गेला की आम्ही ती टोटल लॉसमध्ये टाकतो. तो सांगाडा भंगारात जातो असं तुम्हाला वाटतं. काही जातात. काही सहा महिन्यांनी ताजा रंग लावून, सिंगल हँड म्हणून, उभ्या राहतात. पळणाऱ्या गाड्यांत हे प्रमाण जास्त, कारण त्या ठोकल्याही जास्त जातात आणि त्यांना गिऱ्हाईकही हळवं मिळतं.

प्रश्न : मी डॉक्टर आहे, घरात एक इनोव्हा आहे. २०१६ ची अबार्थ पुंटो मिळतेय. फियाट तर केव्हाच गेली. वेडेपणा आहे का?
— पंढरपूर

उत्तर : आहे, आणि तुमच्या घरात इनोव्हा आहे म्हणून तो परवडेल. एकुलती एक गाडी म्हणून कुणी विचारलं असतं तर सरळ नाही म्हटलं असतं.

ही गाडी परदेशी नाही, आपल्या रांजणगावची. ऑक्टोबर २०१५ ला आली तेव्हा एक्स-शोरूम किंमत दहा लाखाच्या थोडी आत होती, आणि त्या पैशात १४५ हॉर्सपॉवर देणारी दुसरी हॅचबॅक इथे नव्हतीच. १.४ लिटरचं टी-जेट इंजिन, २१२ न्यूटन मीटर, चारही चाकांना डिस्क, सोळा इंची व्हील. स्टिअरिंग हायड्रॉलिक आहे. आजच्या इलेक्ट्रिक स्टिअरिंगवर हात बसलेल्याला सुरुवातीला जड लागेल, पण पुढची चाकं काय करताहेत ते हाताला कळतं. हे सुख आता नव्या गाडीत पैसे मोजूनही मिळत नाही.

पार्टचं असं आहे. दारं, काचा, बरंचसं अंग साध्या पुंटोचं. इंजिनाचं घराणं फियाटच्याच लिनिया टी-जेटचं. त्यामुळे फिल्टर, बेल्ट, बुश, ब्रेक यांसाठी अडणार नाही. अडाल ते खास तिच्यासाठी बनलेल्या गोष्टींना: बंपर, त्या व्हील, टर्बोच्या आसपासचे पाइप. घेण्याआधी व्हीलना तडे आहेत का ते काढून बघा, खड्ड्यात आपटलेली एक व्हील महिनाभर शोधावी लागते. दुसरं म्हणजे माणूस. आपल्याकडचे मिस्त्री ‘फियाटचं इंजिन’ म्हटलं की छाती काढतात, कारण स्विफ्टच्या डिझेलवर त्यांची जिंदगी गेली आणि ते १.३ मूळ फियाटचं. ते बरोबर आहे, पण टी-जेट वेगळं. टायमिंग बेल्टला हात लावण्याआधी ‘टी-जेटचा बेल्ट बसवलाय का?’ असं थेट विचारा. उत्तर ‘होतंय की ओ, त्यात काय’ असं आलं तर गाडी पुण्याला न्या.

टर्बो बघायची सोपी रीत: गाडी गरम झाल्यावर दोन-तीन मिनिटं नुसती चालू ठेवा, मग एकदम ॲक्सिलरेटर दाबायला सांगून मागे उभे राहा. निळसर धूर आला तर तेल जळतंय, बहुधा टर्बोचं सील नाहीतर इंजिनच. आणि सगळं नीट निघालं तर घ्या बुवा. आषाढीला आणि कार्तिकीला मात्र ती बाहेर काढू नका, वारीच्या गर्दीत क्लच जाळाल.

प्रश्न : ताई, मुलाने मित्राकडून २०१३ ची पोलो जीटी डिझेल घेतली. आता म्हणतो तिचं ‘रिमॅप’ करायचं आणि मोठा सायलेन्सर लावायचा, पॉवर फुकटात वाढते. वय २१. मला यातलं काही कळत नाही, पण फुकट काही मिळतं यावर माझा विश्वास नाही.
— होटगी रोड

उत्तर : तुमचा विश्वास शाबूत ठेवा.

रिमॅप म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमधला प्रोग्रॅम बदलणं. टर्बोचा दाब वाढवतात, डिझेल जास्त सोडतात. पॉवर खरोखर वाढते, मुलगा खोटं बोलत नाही. पण ही गाडी मुळातच २५० न्यूटन मीटर ओढते. त्यावर आणखी भार टाकला तर तो जुन्या क्लचवर आणि टर्बोवर पडतो. २०१३ ची म्हणजे तिचं इंजिन १.६. पोलो बनवणाऱ्या फोक्सवॅगनच्या धुराच्या प्रकरणात (चाचणीपुरता धूर कमी दाखवणारं सॉफ्टवेअर सापडलं होतं) जे इंजिन घराणं अडकलं त्यातलं. २०१५ च्या डिसेंबरमध्ये कंपनीने इथे ३,२३,७०० गाड्या सॉफ्टवेअर दुरुस्त करायला परत बोलावल्या होत्या. तुमच्या गाडीचं ते झालं होतं का, हे चासी नंबरवरून सर्व्हिस सेंटरला विचारता येतं. निदान आत्ता आत कुठला प्रोग्रॅम आहे ते तरी कळेल. मित्राने आधीच काही उद्योग करून ठेवला असण्याची शक्यता मी धरून चालते.

विम्याचं मी अधिकाराने सांगते. गाडीत केलेला बदल कंपनीला कळवायचा असतो. न कळवता केलेला रिमॅप क्लेमच्या वेळी सापडला तर कंपनीला क्लेम अडवायला कारण मिळतं. सापडतो का? कधी कधी सापडतो. मुलं त्याचे स्टिकर मागच्या काचेवर लावतात, तेवढी मदत आम्हाला पुरते. सायलेन्सरचं तर पोलिसच बघतील. आरसीत नोंदलेल्या रचनेत मनाने फेरफार करायला मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ने मनाई आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही त्यावर बोट ठेवलंय.

मुलाशी भांडू नका. त्याला सांगा, रिमॅपचे पैसे मी देते, पण आधी चार चांगले टायर, चार शॉकअप, ब्रेक ऑइल आणि क्लच नवा कर, बिलं दाखव. ही कामं झालेली जुनी जीटी डिझेल इतकी छान चालते की निम्मी पोरं तिथेच थांबतात. उरलेली निम्मी तोपर्यंत कंगाल झालेली असतात.

प्रश्न : मागच्या वर्षी माझी गाडी एका एजंटला दिली. टीटी फॉर्मवर, म्हणजे मालकी बदलायच्या कागदांवर, सह्या घेतल्या, पैसे रोख दिले. आता हैदराबाद रोडवरची स्पीडची चलनं माझ्या मोबाईलवर येताहेत. एजंट म्हणतो, ‘होऊन जाईल.’
— शेळगी

उत्तर : होणार नाही, तुम्हीच करा. आणि चलन ही त्यातली सगळ्यात छोटी गोष्ट आहे. त्या गाडीने उद्या कुणाला उडवलं तर नुकसानभरपाईसाठी कोर्ट आरसीवरचं नाव बघतं. ‘मी विकली होती’ हा बचाव चालत नाही, हे सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये स्पष्ट केलंय.

राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, फॉर्म २९ वर. घेणाऱ्याला ३० दिवस, फॉर्म ३० वर. तुम्ही सह्या दिल्या आणि एजंटने ते कागद ड्रॉवरमध्ये ठेवले, कारण पुढचं गिऱ्हाईक थेट तुमच्याकडून घेतल्यासारखं दाखवलं की त्याचा एक हात वाचतो. आत्ताच आरटीओत लेखी अर्ज द्या, पोलिसांतही द्या, दोन्हीकडची पोच ठेवा, आणि गाडी ज्या दिवशी दिली त्याचा मेसेज, फोटो, काही असेल ते जोडा. यापुढे एजंटला गाडी देताना तो आरटीओकडे नोंदलेला डीलर आहे का ते बघा. एप्रिल २०२३ पासून तशी नोंदणी आहे, आणि फॉर्म २९सी भरून गाडी त्याच्या ताब्यात दिल्याचं कळवता येतं. मग पुढची जबाबदारी त्याची.

घेणाऱ्यांसाठी दोन ओळी: आरसीवर बँकेचा बोजा असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. आणि विमा १४ दिवसांत आपल्या नावावर करून घ्या. आरसी तुमच्या नावावर, पॉलिसी जुन्या मालकाच्या नावावर, आणि गाडी ठोकली, तर समोरच्याचं नुकसान भरलं जाईल. तुमच्या गाडीचं काय, हे सांगायला मी येते तेव्हा लोक मला चहा विचारत नाहीत.

प्रश्न : दिल्ली पासिंगची पोलो जीटी डिझेल फारच स्वस्त मिळतेय. नाहीतर विजापूरची केए २८ ची आहे. कुठली?
— विजापूर रोड

उत्तर : दिल्लीची नको. तिकडे दहा वर्षांपुढच्या डिझेलवर बंदी आली म्हणून या गाड्या बाहेर ढकलल्या गेल्या. नंतर त्यात मागेपुढे झालं, पण भाव पडले ते पडलेच. दीड हजाराहून जास्त किलोमीटरवरून आलेल्या गाडीचा मालक, सर्व्हिस सेंटर, गॅरेज यातलं काहीच तुम्हाला बघता येत नाही. केए २८ चा माणूस दोन तासांवर आहे, त्याच्या घरी जाऊन चहा पिता येतो. तिकडच्या आरटीओची फॉर्म २८ ची एनओसी त्यानेच काढून द्यायची, असं इसार देतानाच लिहून घ्या. इकडचा टॅक्स परत भरावा लागेल, तो किमतीत मिळवा, आणि मग आपल्या एमएच १३ ची तशीच गाडी केवढ्याला पडते ते बघा. बहुतेक वेळा फरक उरत नाही.

प्रश्न : आमच्याच उसाचं इथेनॉल आता पेट्रोलात येतंय, अभिमान आहे. पण माझ्या २०१७ च्या बलेनो आरएसला ते सोसेल का?
— मोहोळ

उत्तर : चालेल, थोडं लक्ष ठेवून. एप्रिल २०२३ च्या आधीच्या गाड्या २० टक्के इथेनॉल धरून बनवलेल्या नाहीत. ॲव्हरेज थोडं उतरेल. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच जुन्या धर्तीच्या चारचाकींसाठी सहा-सात टक्क्यांची घट धरलेली आहे. टर्बोच्या बाबतीत एक गोष्ट उलट चांगली: इथेनॉलने ऑक्टेन वाढतो, नॉकिंग, म्हणजे इंजिनातली ठकठक, कमी होतं. काळजी रबराची. पेट्रोलचे पाइप आणि सील सर्व्हिसला आवर्जून बघायला सांगा. कडक झालेला किंवा पाझरणारा पाइप लगेच बदला, तो खर्च किरकोळ आहे. आणि गाडी पंधरा-पंधरा दिवस उभी राहणार असेल तर पाव टाकीवर सोडू नका, इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. पंपावरच्या पोराशी यावरून वाद घालू नका, तोही उसवाल्याचाच असेल.

प्रश्न : मुलगी कॉलेजला आहे, तिला टर्बो गाडी हवी म्हणते. मुलींसाठी त्यातली कोणती?
— बाळे

उत्तर : वर मुलांना सांगितल्या त्याच. घ्यायला जाताना तिला पुढे बसवा आणि सीट तिच्या मापाने लावून क्लच तळापर्यंत जातो का ते बघा. फिगोत ड्रायव्हरची सीट उंच करता येते, सगळ्या मॉडेलना नाही, तेवढं तपासून घ्या. ट्रान्स्फर तिच्या नावावर होणार असेल तर फॉर्म ३० वर सही तिची लागेल, तुमची नाही.